माहूजच्या बंबातला गॅस

बहरीनहून परत आलेली माणसं एकत्र बसली की पहिली पाच मिनिटं गुडघेदुखीवर जातात. सहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, "दत्ता, तुमच्या त्या बंबाचं काय झालं होतं रे?" झालं, मग एकातून एक किस्से निघत राहतात. माझी तिथली पंधरा वर्षं एसी आणि फ्रिज दुरुस्त करण्यात गेली. त्यातलं आता फारसं आठवत नाही. पण माहूजच्या एका घरात, मागच्या खोलीत, आम्ही घरच्या बियरचा जो उद्योग मांडला होता त्याचा एकेक वायसर आठवतो.

लोक हसतात, मीही हसतो. शेवटच्या दोन-तीन किश्श्यांना मात्र मला हसू येत नाही. त्या बंबापायी आम्ही एक माणूस घालवला, आणि तो माझ्यामुळे गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी मला दोष द्यायला नको की हसवता हसवता फसवलं.

घर पीटरचं. पीटर वसईचा, एका हॉटेलात डायनिंग हॉलला कामाला. त्याची बायको फिलोमिना, म्हणजे आमची फिलूवहिनी, हॉस्पिटलात नर्स. मागच्या खोलीत इनासभाऊ राहत. तेही पीटरच्याच गावचे, आम्हा सगळ्यांहून दहा-बारा वर्षांनी मोठे, कोल्ड्रिंकच्या फॅक्टरीत नोकरीला. बाळा संगमेश्वरचा, पिकअपवर ड्रायव्हर. आणि मी राजापूरकडचा, राहायला नईमला, एका खोलीत सहा जण. तेव्हा सौदीच्या कॉजवेचं, म्हणजे समुद्रावरच्या पुलाचं, नुसतं बोलणं चालू होतं. शुक्रवारची सुट्टी आली की जायला आम्हाला एकच जागा होती, माहूज.

* * *

आधी आम्ही बियर बाटल्यांत भरायचो. माल्टचे डबे, साखर, बेकरीतलं यीस्ट आणि देवावर भरवसा. पण उन्हाळ्यात बाटल्या फुटायच्या. एकदा जेवायला बसलो असताना मागच्या खोलीत ओळीने नऊ बाटल्या फुटल्या. फिलूवहिनी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "पीटर, घरात एक तर ही बियर राहील, नाहीतर मी."

पीटरने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. तो वेळ वहिनी अजून विसरलेली नाही.

त्यावर तोड इनासभाऊंनी काढली. त्यांच्या फॅक्टरीत सिरपच्या जुन्या स्टीलच्या टाक्या भंगारात निघाल्या होत्या. कमरेएवढ्या उंच, वर लांबट गोल झाकण, झाकणाला रबराची रिंग, एका तोंडातून गॅस आत घालायचा आणि दुसऱ्या तोंडातून पेय बाहेर काढायचं. इनासभाऊंनी साहेबाला विचारून, सहीची चिठ्ठी घेऊन दोन टाक्या आणल्या. विचारल्याशिवाय ते कोणाची टाचणीही उचलत नसत. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर आज जास्त लागतं.

बाळाने टाकी पिकअपमधून उतरवली आणि म्हणाला, "ह्यो तर आमच्या घरचा आंघोळीचा बंब!" तेव्हापासून तिचं नाव बंब.

बाकीचं काम माझं. एक जुना फ्रिज आणला, आतल्या जाळ्या काढून त्यात बंब उभा केला. शेजारी गॅसचा सिलिंडर, म्हणजे सोड्यात बुडबुडे आणणारा गॅस. त्यावर माझा मीटर, आणि फ्रिजच्या दाराला भोक पाडून बाहेर काढलेला नळ. नळ सोडला की ग्लासात थंड, फेसाळ बियर. पहिल्या शुक्रवारी आम्ही त्या नळाकडे देवाकडे बघावं तसं बघत बसलो होतो.

दुसऱ्या शुक्रवारी सिलिंडर रिकामा. गॅस कुठून तरी गळत होता.

* * *

गळती शोधणं म्हणजे माझा रोजचा धंदा. साबणाचं दाट पाणी करायचं, ब्रशने जॉइंटला लावायचं आणि बघत बसायचं. बुडबुडा फुगला की तिथे भोक. त्या दिवशी माझा ब्रश वर्कशॉपमध्ये राहिला होता, म्हणून मी बाथरूममधून पीटरचा दाढीचा ब्रश उचलला. मीटरखालच्या नटाला बुडबुडा सापडला. नट आवळला, ब्रश झटकला आणि होता तिथे ठेवून दिला. नळाखाली साचलेली बियर त्याने चांगली पिऊन घेतली होती, ते काही माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पीटर सकाळच्या ड्यूटीला. मॅनेजर गोरा, नाकाने तिखट. पीटरच्या जवळ आला, थांबला, वास घेतला.

"पीटर, सकाळी सकाळी?"

"नो सर. शेव्हिंग."

मॅनेजर म्हणाला, "आय हॅव हर्ड मेनी, पीटर. दिस वन इज न्यू."

पीटरने त्या संध्याकाळी मला नवा ब्रश आणून दिला आणि वर माझं नाव लिहून दिलं.

* * *

मग झाकण गळायला लागलं. रबराची रिंग जुनी, जागोजागी चिरलेली. फ्रिजमध्ये बंब थंड झाला की रबर आक्रसायचं आणि कडेने बारीक फुसफुस सुरू व्हायची. मला वाटलं, ह्यावर इलाज घरातच आहे. कोकणातल्या माणसाला खोबरेल थंडीत थिजतं हे कोणी शिकवावं लागतं का? मी रिंगला बोटभर खोबरेल चोपडलं. अर्ध्या तासात तेल थिजलं, फुसफुस बंद. मी असा काही बसलो, की इंजिनियरने माझ्याकडून शिकून जावं.

शुक्रवारी ग्लास भरले. फेस नाही. एवढासाही नाही. तेलाने फेस मरतो, हे मला नंतर कळलं. वर पांढुरक्या कवड्या तरंगत होत्या आणि वास सकाळच्या आंघोळीचा.

बाळाने एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला. "दत्ता, ही प्यायची का डोक्याला लावायची?"

इनासभाऊंनी आपला ग्लास मात्र मुकाट्याने संपवला. आठवड्यात एकच ग्लास घ्यायचे ते, तोही तासभर पुरवायचे. दोन दिवसांनी त्यांनी फॅक्टरीतून नवी रिंग मागून आणली आणि माझ्या हातावर ठेवली. "ही लाव. हे रबर थंडीत कडक होत नाही," म्हणाले. मला वाटलं, तिथल्या कोणा मेकॅनिकने त्यांना पढवून पाठवलंय. फॅक्टरीत ते काय करतात असं मी कधी विचारलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की क्रेट उचलत असतील.

* * *

घरमालक अबू खलील म्हणून बहरीनी म्हातारा होता. एकदा शुक्रवारी दुपारी पाण्याचा पंप बघायला म्हणून न सांगता मागच्या दाराने आत आला. मी नेमका झाकणावरची वाल्व ओढून जादा गॅस सोडत होतो. खोलीभर फुस्स झालं.

"शिनू हादा?" म्हाताऱ्याने विचारलं. म्हणजे, हे काय आहे?

"एसी गॅस," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "एसी? झेन, झेन. यल्ला!" म्हणजे छान, चल! आणि त्याने मला हाताला धरून गाडीत घातलं. त्याच्या घरी चार एसी होते. चारही मी खोलले, धुतले, बसवले. त्याच्या बायकोने मला खजूर आणि कहवा दिला. संध्याकाळी तो मला माहूजला परत सोडायला आला तेव्हा पाठ मोडून आली होती आणि इकडे पीटर आणि बाळाने बंब रिकामा केला होता.

गाडीतून उतरताना अबू खलील पहिल्यांदाच हिंदीत बोलला. तरुणपणी तो मोत्यांच्या धंद्यात मुंबईला राहिलेला. "हम बंबई में छे साल था," म्हणाला. "एसी का गॅस में ऐसा बास नहीं आता." मग दार ओढता ओढता म्हणाला, "रमजान में मफी." म्हणजे, रमजानमध्ये हे चालणार नाही.

त्या वर्षीपासून रमजानचा महिनाभर बंब धुऊन उलटा ठेवलेला असायचा. त्यावर वहिनी कपड्यांची टोपली ठेवायची.

* * *

हा पुढचा किस्सा बाळा रंगवून सांगतो, पण मला तो आठवला की अजून घाम फुटतो.

भर उन्हाळ्यात शुक्रवारी जेवणानंतर लाइट गेली. इनासभाऊंच्या खोलीची खिडकी एसीसाठी कायमची बंद केलेली, आत अंधार. ते खाटेवर डोळा लावून पडले होते. बंबातली बियर गरम होईल म्हणून मी मेणबत्ती घेऊन आत गेलो आणि ती फ्रिजशेजारी जमिनीवर ठेवली. मेणबत्ती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. बाळा दारातून म्हणाला, "वारा नाय, काय नाय. दत्ता, खोलीत काहीतरी आहे."

फिलूवहिनी मागून आली, एकदा मेणबत्तीकडे बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "सगळे बाहेर व्हा. आत्ता." तिनेच इनासभाऊंना खांद्याला धरून उठवलं आणि अंगणात आणून बसवलं. सिलिंडर गळत होता. तो गॅस जड, जमिनीलगत साचतो. मेणबत्ती विझली ती त्यात बुडून.

वायसर बदलताना नवा आणायचा कंटाळा म्हणून मी जुनाच उलटा करून घातला होता.

इनासभाऊ अंगणात बराच वेळ डोकं धरून बसले. "दोन दिवस डोकं जड वाटत होतं खरं," एवढंच म्हणाले. मला एक शब्द बोलले नाहीत. मी सिलिंडर भिंतीबाहेर अंगणात नेला, नळी भिंतीतून आत घेतली, मीटर आत बंबाजवळ बसवला, सगळे वायसर नवे घातले, आणि सिलिंडर उघडायची चावी स्वतःच्या खिशात ठेवायला लागलो. गंमत बघा, चूक माझी, जीव त्यांचा जाणार होता, आणि त्या दिवसापासून गळती शोधणारा म्हणून नाव माझं झालं. दुसऱ्या बिऱ्हाडांतून बोलावणी यायला लागली. मी त्याने शेफारून गेलो.

* * *

आता तो किस्सा.

नवा बंब भरला. शुक्रवारी संध्याकाळी काटा तीस पौंड दाबावर येईपर्यंत गॅस दिला, सिलिंडर बंद केला, चावी खिशात. सोमवारी सहज डोकावलो तर काटा दहावर. मी पुन्हा साबण काढला. झाकण, नळ, नळीची दोन्ही टोकं, मीटर, भिंतीतलं भोक. एकही बुडबुडा नाही. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला सापच दिसत होता.

इनासभाऊ खाटेवर बसून वहिनीला लसूण सोलून देत होते. त्यांची दुपारची शिफ्ट होती. म्हणाले, "दत्ता, मी काय म्हणतो..."

मी वळलोसुद्धा नाही. "इनासभाऊ, क्रेट उचलण्यासारखं नाही हे. थांबा जरा."

ते थांबले. लसूण सोलून झाला, टरफलं कागदात बांधली आणि कामावर गेले.

मग मी स्वयंपाकघरात येऊन पीटर आणि बाळासमोर माझं शास्त्र मांडलं. माझ्या धंद्यात हे पक्कं असतं. फ्रिजचा गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे. भोक नाही म्हणजे कोणीतरी मुद्दाम सोडलाय. तिसरी वाट नसते. "गॅसला पाय नसतात," मी म्हटलं. "कोणीतरी मधल्या दिवसांत नळ सोडतोय."

नाव कोणी घेतलं नाही. बाळाने मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. पीटर म्हणाला, "छे, शक्य नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण सकाळभर घरात तेच असतात."

त्या "पण"वर आम्ही तिघेही गप्प बसलो. त्यातल्या एकाने तरी तोंड उघडायला हवं होतं, आणि ते मी उघडायला हवं होतं.

त्याऐवजी मी उठलो, काटा पुन्हा तीसवर नेला, नळावर चिकटपट्टी लावली आणि पट्टीच्या जोडावर पेनाने सही केली. म्हणजे कोणी नळ सोडला तर पट्टी फाटेल. ह्याचाही मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

इनासभाऊ शिफ्टवरून आले तेव्हाचं वहिनीने सांगितलं. डबा हातात तसाच धरून ते फ्रिजसमोर उभे राहिले. मग विचारलं, "ही सही कोणाची?"

वहिनी म्हणाली, "दत्ताची."

"अक्षर चांगलं आहे," म्हणाले आणि डबा धुवायला गेले.

बुधवारी त्यांनी आपली ट्रंक बाहेर काढली. रिफाला फॅक्टरीतल्या एका ड्रायव्हरकडे जागा मिळतेय, तिकडून काम जवळ पडेल, असं वहिनीला सांगितलं. रिफाहून त्यांची फॅक्टरी माहूजपेक्षा लांब पडते, हे बाळाने नंतर हिशेब करून सांगितलं. पीटरची सात वर्षांची मुलगी शॅरन, तिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत द्यायची. ती दारात उभी राहून विचारत होती, "इनास अंकल, आर यू गोइंग टू इंडिया?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाय गं बाय, इथेच." त्यांचं बहरीनमधलं घर म्हणजे ही तीनच माणसं होती, आणि ते त्यांच्या देखत ट्रंक उचलून चालते झाले.

* * *

शुक्रवारी मी माहूजला गेलो. खोलीत खाट तशीच, वर चादर घडी करून ठेवलेली. फ्रिज उघडला, नळ बघितला. पट्टी जशीच्या तशी. सही जशीच्या तशी. काटा पंधरावर.

पीटर माझ्या मागे उभा होता. बाळाही.  बुधवारपासून त्या खोलीत कोणी राहत नव्हतं, आणि नळाला तर सोमवारपासून कोणाचं बोटही लागलं नव्हतं.

वहिनी आली, तिने आमच्या खांद्यांवरून काटा बघितला. "आता कोणाला पट्टी लावणार, दत्ताभाऊ?" म्हणाली. त्या दिवशी तिने आम्हाला जेवायला थांबा म्हटलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणतात. इथे तर चोरच नव्हता, नुसती फाशी होती.

* * *

गॅस गेला कुठे, ते मला पुढे दोन महिन्यांनी कळलं. एका हॉटेलात कोल्ड रूम बिघडली म्हणून मला पाठवलं होतं. तिथे बियरचे मोठे बॅरल सांभाळायला एक म्हातारा इंग्रज होता. मी पाना फिरवता फिरवता, माझ्या एका मित्राची गोष्ट म्हणून, त्याला सगळं सांगितलं. बुडबुडा एकही नाही आणि काटा तर पडतोय.

तो हसायला लागला. "बियर थंड होती ना?"

"हो."

"आणि मित्राने सिलिंडर बंद केला होता?"

"हो. गॅस वाया जाऊ नये म्हणून."

"युअर बियर ड्रँक इट, सन," म्हातारा म्हणाला.

मग त्याने मला पोराला शिकवावं तसं शिकवलं. थंड बियर गॅस पिऊन घेते. नवा बंब भरला की पहिले काही दिवस ती पीतच राहते, म्हणून सिलिंडर चालू ठेवायचा असतो. बंद केला तर काटा पडणारच, भोक असो वा नसो. गळती तपासायची तर बंब रिकामा घ्यायचा, त्यात गॅस भरायचा आणि रात्रभर ठेवून बघायचा. एवढंच. पाच मिनिटांची गोष्ट. माझ्या अकलेत ती बसली नव्हती, कारण फ्रिजचा गॅस पिणारं त्या नळ्यांत काही नसतं.

म्हाताऱ्याने विचारलं, "मित्राचा किती गॅस गेला?" मी म्हटलं, थोडाच. आणि पाना घेऊन पुन्हा आत शिरलो.

* * *

त्याच आठवड्यात रिफाला जाऊन पाय धरायला हवे होते. नाही गेलो. आधी ओव्हरटाइम होता, मग बाळाची पिकअप बिघडली, मग मी सुट्टीवर गावी गेलो. पीटर विचारायचा, "कधी जायचं?" आणि मी म्हणायचो, "पुढच्या शुक्रवारी, इंशाल्ला." बहरीनमध्ये ह्या एका शब्दावर माणूस वर्ष काढू शकतो. मी दीड काढलं.

मधल्या नाताळात वहिनीने बाळाकडून इनासभाऊंना फराळाचा डबा पाठवला. डबा रिकामा परत देऊ नये, म्हणून त्यांनी तो खजुरांनी भरून पाठवला. वर शॅरनसाठी रंगीत पेन्सिली होत्या. निरोप असा की सगळं बरं आहे. स्वतः आले नाहीत. आम्ही ते खजूर टेबलावर मधोमध ठेवले आणि बराच वेळ कोणी हात लावला नाही. बियर करणं आमचं आपोआपच सुटलं होतं. बंब अंगणात पडून होता.

मग एका गुरुवारी बाळा बातमी घेऊन आला. "इनासभाऊ खलास करून चाललेत. फायनल एक्झिट, कायमचे गावी. शनिवारचं विमान."

मी त्या दुपारी हाफ डे टाकला आणि त्याच्या पिकअपमध्ये बसलो.  रिफाला बाळाने इनासभाऊंच्या घरासमोर गाडी लावली आणि म्हणाला, "तू जा. मी हितंच बसतो."

* * *

इनासभाऊ जमिनीवर बसून खोकं बांधत होते. केस जास्त पांढरे झाले होते. मला बघून म्हणाले, "ये रे दत्ता. चपला राहू दे, फरशी घाण आहे." मी नसल्याचं त्यांना दीड वर्षात जाणवलंच नव्हतं, असं बोलले.

मी समोर बसलो आणि बोलत सुटलो. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते शास्त्रच. थंड बियर गॅस कसा पिते, सिलिंडर बंद केला की काटा का पडतो, बंब रिकामा करून कसं तपासायचं, त्या इंग्रजाने काय सांगितलं. इतकं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "इनासभाऊ, म्हणजे कोणीच नळ सोडला नव्हता. चुकी माझी. मला माफ करा."

ते सुतळी ओढत होते. "ठाऊक आहे मला," म्हणाले.

"बाळाने सांगितलं?"

"बाळा कशाला सांगेल? मशीनवर होतो की मी. थंड पाण्यात गॅस मुरवायचा, तेच माझं काम. अकरा वर्षं तेच केलं. पाणी जेवढं थंड, तेवढं जास्त पितं." मग जरा हसले. "तुला काय वाटलं, क्रेट उचलतो?"

माझी मान खाली गेली. फरशीवर सुतळीचे तुकडे पडले होते, ते मी गोळा करायला लागलो. शेवटी विचारलं, "मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत? एका शब्दात सगळं मिटलं असतं."

इनासभाऊंनी खोक्यावर गुडघा दिला, सुतळी आवळली आणि म्हणाले, "इथे बोट ठेव."

मी बोट ठेवलं. त्यांनी वरून दुसरी गाठ मारली.

"काढ आता."

मी काढलं. ते उठले, हात झटकले, खोकं भिंतीला लावून ठेवलं.

"एकेका जॉइंटाला तीन-तीनदा साबण लावून बघितलास, दत्ता," ते म्हणाले. "मी तिथेच खाटेवर बसलो होतो."